घरमालक काकांचा आधीचा हप्ता

साऱ्या जगात वस्तू आधी घरात येते आणि हप्ता मागून येतो. आमच्या घरमालक काकांकडे हप्ता आधी येतो आणि वस्तू, आलीच तर, सवडीनं येते. सांगलीकडच्या आमच्या व्यापाऱ्यानं हिंगोलीत हळदीचं गोदाम घेतलं आणि नववीतून शाळा सोडलेल्या मला इकडं पाठवलं, तेव्हा काकांनी अनामत न मागता खोली दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण हा माणूस शहाणा की चक्रम, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

कचेरीतून निवृत्त झालेल्या काकांना फ्रिज घ्यायचा होता. त्यांनी स्वयंपाकघरात खडूनं फ्रिजएवढा चौकोन आखला आणि दर महिन्याच्या पाच तारखेला देवघरातल्या डब्यात हप्ता टाकायला लागले. चौकोनावर पाय द्यायची सोय नव्हती. एकदा जावईबापूंनी तिथं पिशवी टेकवली, तर काका आतून ओरडले, "अहो, फ्रिजच्या डोक्यावर पिशवी काहून ठेवून राहिले?" त्या गरीब माणसानं पिशवी उचलून, काय करावं ते न कळून, चौकोनाची माफीसुद्धा मागितली. काकू मात्र वर्षभर वळसा घालून चुलीपाशी जायच्या. "नसलेल्या फ्रिजनं माझी कंबर मोडली, असता तर काय झालं असतं!" असं त्या म्हणत. फ्रिज शेवटी आला. कपडे धुण्याच्या मशीनचं मात्र जमलं नाही. तिच्यासाठी आखलेल्या चौकोनात काकूंनी पापड वाळत घातले आणि ती जागा पापडांनाच जास्त शोभली. काकांनी चौकोन पुसला, डब्यातले पैसे काकूंच्या हातात दिले. "मशीन नापास!"

अशा माणसाकडे मी मोटरसायकलच्या हप्त्यासाठी जामीन राहा म्हणायला गेलो, ही माझी चूक की नशीब, तेही कळत नाही. शोरूमवाला म्हणाला होता, "आधार कार्ड आणि एक जामीन घेऊन ये, संध्याकाळी गाडी घेऊन जा." मी आईला फोनवर सांगूनही बसलो होतो की दिवाळीला गाडीवर येतो. शाळा सुटली तरी पोरगं वाया गेलं नाही, हे गावानं डोळ्यांनी बघावं, एवढीच हौस. आई म्हणाली, "एवढ्या लांबनं गाडीवर? यष्टीनं ये गुमान." पण तिच्या आवाजात गाडी ऐकू येत होती.

काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सही करतो. आधी सहा महिने गाडी चालवून दाखव."

"गाडी कुठंय काका?"

"हप्ता माझ्यापाशी भर. बराबर पाच तारखेला. आणि पेट्रोलचे वेगळे. गाडी काय हवेवर चालून राहिली?"

जुनं हेल्मेट त्यांनी स्वतःच आणून माझ्या खोलीतल्या खिळ्याला टांगलं. येताजाता विचारायचे, "गाडी पुसली का रे?" मी गोदामात पायी जायचो आणि वाटेत पेट्रोलचा हिशोब करायचो. खरंच सांगतो, काही दिवसांनी मला ती गाडी आवडायला लागली.

मग पावसात हळदीची आवक थंडावली, गोदाम बरेच दिवस बंद राहिलं आणि पगार निम्मा आला. पाच तारखेला काका इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून दारात उभे.

"हप्ता?"

"काका, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो."

"समदे असंच म्हणतेत." त्यांनी खिळ्यावरचं हेल्मेट काढलं. "गाडी जमा."

आणि खरंच घेऊन गेले. नसलेली गाडी गेली म्हणून माणसाला रडू यावं का? मला आलं. दुसऱ्या दिवशी मी गोदामाला मागच्या गल्लीनं गेलो. जणू माझी गाडी ओढून नेताना सगळ्यांनी पाहिलं होतं. परतलो तेव्हा काकू दारात थांबल्या होत्या. "काल जेवले न्हाईत हे. हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. तुमा दोघायचं काय चाललंय, मला तर काईच समजत न्हाई."

काकांनी डबा माझ्यापुढं ठेवला. "हे तुझे पैसे. खरी गाडी असती तर गाडीबी गेली असती अन् हेबी. आईकडं जाऊन ये."

दिवाळीला एसटीनं गेलो, आईच्या हातात पैसे दिले. तिनं विचारलं, "गाडी कुठाय?" मी म्हटलं, "जमा झाली." तिला कळलं नाही. मला तरी कुठं कळलं होतं!

यंदा पुन्हा सुरुवात केली आहे. या खेपेला सेकंडहँड गाडीचा, छोटा, निम्म्या पगारातही झेपेल असा हप्ता. हेल्मेट परत खिळ्यावर आलं आहे. काकांचे गुडघे मात्र आता वाकत नाहीत. खरी गाडी आली तरी मागं बसता यायचं नाही, असं डॉक्टर सांगून बसलेत. तेव्हा सहा महिने लवकर सरावेत असं वाटतं, आणि सरू नयेत असंही.

परवा संध्याकाळी काका दारात आले. "गाडी निघून राहिली का? मंडईपर्यंत सोड मला." मी हेल्मेट घातलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मागून चालू लागले. लोक बघत होते. थोडं पुढं गेल्यावर खांद्यावरचा हात जड झाला आणि मागून आवाज आला,

"हळू चालव रे, लेकरा."