मामंजींच्या फ्रेंच कादंबऱ्या

लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा मला समुद्राची भीती वाटायची, सासूबाईंची वाटायची, आणि परसातल्या विहिरीकडे संध्याकाळी एकटीने जायचं म्हटलं की पाय जड व्हायचे. वर्षा-दोन वर्षांत ते सगळं सरलं. मामंजींना वाचून दाखवलेल्या कादंबऱ्यांनी मात्र मनात जी धास्ती घातली ती माझ्या सोबतच म्हातारी झाली.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीत शिरस्तेदार होते. मी घरात आले तेव्हा ते पेन्शन घेऊन बसले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते विषय बदलत. बदली होऊन गेलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी कधीतरी पेटीभर पुस्तकं घेतली होती. बहुतेक फ्रेंच कादंबऱ्या, इंग्रजीत उतरवलेल्या. डोळे चांगले होते तेव्हा कचेरीच्या कामातून सवड झाली नाही, आणि सवड झाली तेव्हा अक्षर दिसेना. मी पुण्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेली. एक दिवस त्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, इंग्रजी वाचता येतं ना तुला? मग दुपारची थोडा वेळ बसत जा माझ्यापाशी."

"सुनेने सासऱ्याला इंग्रजी वाचून दाखवायचं! एवढंच राहिलं होतं," सासूबाई आतून म्हणाल्या. पण मामंजींपुढे त्यांचं चालत नसे. मामंजी ओटीवर झोपाळ्यावर बसत, मी माजघराच्या दारात पाट घेऊन बसे, आणि माझ्या पाठीमागे वन्सं तांदूळ निवडत असायची. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. तेव्हा अठरा वर्षांची होती. आईविना वाढलेली नव्हती, तरी आजोळची फार लाडकी. तिच्या आजोबांना मुलगा नव्हता. त्यांनी गुहागरची नारळी-पोफळीची वाडी या नातीच्या नावावर करून ठेवली होती.

थोडं वाचलं की मामंजी तेच मराठीत सांगायला लावत, म्हणून वन्संनाही सगळं कळे. सुरुवातीला मला उच्चारांची भीती वाटे. मग नको त्या प्रसंगांची. तसं काही पुढे आलं की माझा आवाज अडखळे आणि मामंजी शांतपणे म्हणत, "तेवढं सोड. पुढे चल." पण हळूहळू कळायला लागलं की या पुस्तकांतलं खरं भयंकर त्या सोडलेल्या भागांत नव्हतंच. इथे कुणी कुणाला मारत नसे, विष घालत नसे. सगळे एकमेकांशी गोड बोलत, जेवायला बोलावत, हात पुढे करत. आणि शेवटी पाहावं तर एक बाई सर्वस्वाला मुकलेली असायची आणि तिला नागवणारा माणूस नवा कोट घालून मेजवानीला निघालेला असायचा.

त्यातल्या एका पुस्तकाची पहिली पानं वाळवीने खाल्ली होती, म्हणून त्याचं नाव मला आजही माहीत नाही. खेड्यातला एक गरीब, देखणा तरुण पॅरिसला येतो. ज्या घरात जाईल त्या घराला हवा तसा होतो. हातमोजे करणाऱ्या एका कारखानदाराच्या मुलीशी लग्न करतो. लग्नानंतर एकदाही तिच्यावर आवाज चढवत नाही. कागद पुढे ठेवतो आणि म्हणतो, "माझी काही जबरदस्ती नाही." दर वेळी हेच वाक्य. तिचं घर जातं, बापाचा कारखाना जातो, आणि ती भिंतीसमोरच्या एका खोलीत एकटी उरते. ते वाचून झालं तशी मी मागची पानं पुन्हा चाळली. मला तिच्या दुःखापेक्षा एका गोष्टीचं भय वाटलं. तो कधी वाईट झाला ते पान मला सापडलंच नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मुंबईच्या आगबोटीने एक तरुण रत्नागिरीत उतरला.

तो आमच्यातलाच, दूरच्या नात्यातला. मुंबईत एका सॉलिसिटरकडे कामाला होता, पण त्याला नोकरीत राहायचं नव्हतं. मिरकरवाड्याला बर्फाचा कारखाना काढायचा, मासळी आणि आंबे बर्फात घालून मुंबईला धाडायचे, असा त्याचा बेत होता. पांढरेशुभ्र कपडे घालून तो सकाळी मासळीच्या लिलावात उभा राही, होडीवाल्यांशी त्यांच्या बोलीत बोले, दुपारी व्यापाऱ्यांच्या पेढीवर बसे आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर येई. आमचे हे वकील. त्यांच्याशी तो कायद्याबद्दल बोले आणि मान डोलावून ऐके. सासूबाईंना त्याने गणपतीपुळ्याचा अंगारा आणून दिला. मामंजींपाशी बसून त्यांच्या नोकरीतल्या आठवणी पुन्हा पुन्हा विचारी.

एकदा मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही काय वाचता ते ऐकलंय मी. मुंबईतसुद्धा अशा वाचणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या."

मला बरं वाटलं. आत येऊन चुलीपुढे बसले तेव्हा उमगलं. मला हवं होतं तेच त्याने मला दिलं होतं. पुस्तकातल्या त्या माणसानेही कारखानदाराच्या घरातल्या प्रत्येकाला असंच काहीतरी दिलं होतं.

पुढच्या खेपेला मी दाराआडून लक्ष दिलं. तो वन्संविषयी काही विचारत नव्हता. गुहागरच्या वाडीला पाणी पुरतं का, वाट बंदरापर्यंत जाते का, हे मात्र त्याने बोलता बोलता काढून घेतलं. पंधरवड्याने त्याच्या काकांनी रीतसर मागणी घातली.

मी यांच्याजवळ विषय काढला. "मला भीती वाटते हो. त्याचं सगळं लक्ष वाडीवर आहे."

"वाडीवर लक्ष नसलेला जावई कुणी पाहिलाय?" हे हसले. "दुपारभर ती पुस्तकं वाचतेस आणि दारात येणारा प्रत्येक माणूस तुला पॅरिसचा वाटतो."

मग मी मामंजींकडे गेले. सरळ बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून म्हटलं, ते वाळवीचं पुस्तक पुन्हा वाचू या का? ते हो म्हणाले. मी एकेक शब्द नीट, सावकाश वाचला. कागदांच्या प्रसंगांवर मुद्दाम थांबले. पुस्तक संपलं तेव्हा मामंजी सावकाश झोके घेत राहिले, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. मला वाटलं, त्यांना कळलं.

"हुशार माणूस," ते म्हणाले.

"कोण, मामंजी?"

"हाच. आम्ही जन्मभर सरळ मानेने काम केलं, सूनबाई, आणि शिरस्तेदार म्हणून घरी आलो. आमच्या हाताखालून गेलेले कुठच्या कुठे पोचले. ही पुस्तकं खोटं सांगत नाहीत. वर जाणारा माणूस कुणाच्या तरी मुलीचा हात धरूनच वर जातो. तो हात आपल्या मुलीचा का नसावा?"

 इतके महिने आम्ही एकच पुस्तक वाचतो आहोत असं मी समजत होते. त्यांनी त्याच ओळींतून भलतंच ऐकलं होतं, आणि या घरात आता मला विचारायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर वन्संनी रहाट थांबवला. "वहिनी, काल तुम्ही कुणासाठी वाचत होतात ते कळलं मला. पाठीमागे बसून सगळं ऐकलंय मी. पहिल्यापासून."

"मग नाही म्हणा, वन्सं. तुमच्या शब्दाला मामंजी मान देतील."

तिने रहाटाचा दोर पुन्हा हातात घेतला. "मला तो आवडतो," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त भीती वाटते."

वैशाखात लग्न लागलं. मंगलाष्टकं चालू असताना अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या. बायकांना वाटलं, मला ऊन लागलं. वन्सं मुंबईला गेली. तिची पत्रं येत, कुशल असे, लिहिलेलं सगळं बरं असे. मी ती वाचून दाखवत असे आणि प्रत्येक ओळ मला जरा जास्तच गुळगुळीत वाटे.

पुढच्या वर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, आगबोटी बंद होण्याच्या बेतात, ती एकटीच आली. कळवलंही नव्हतं. आमच्या ओळखीच्या एका नावाड्याने घरी धावत येऊन सांगितलं की तुमची मुलगी बोटीवर दिसली. आम्ही बंदरावर गेलो. समुद्र खवळायला लागला होता. आगबोट लांब उभी होती आणि उतारू पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या मोठ्या होडीत, उतरत होते. पडाव वर येई तेवढ्या क्षणात पाय टाकायचा; चुकलं तर मधल्या पाण्यात. मी तिला शिडीवर उभी पाहिली. एकदा पडाव वर आला, ती उतरली नाही. दुसऱ्यांदा आला, तरी नाही. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पडावात खाली बसलेली होती, दोन्ही हातांनी ट्रंक घट्ट धरून.

घरी आल्यावर तिने फक्त मला सांगितलं. "वाडी विकायचा कागद केलाय त्यांनी. कारखान्यात घालायचं म्हणतात. मी म्हटलं, रत्नागिरीला विचारून येते. ते रागावले नाहीत, वहिनी. म्हणाले, माझी काही जबरदस्ती नाही."

पुस्तकातलंच वाक्य होतं ते, शब्दाला शब्द. 

आता बोट बंद झाली, तो येणार नाही, असं आम्ही मनाला समजावत होतो. पण कऱ्हाडपर्यंत रेल्वेने आणि तिथून मोटारीने घाट उतरून, संगमेश्वरावरून भर पावसात तो आलाच. पायऱ्यांवर त्याच्या छत्रीचं पाणी ठिबकत होतं. आधी सासूबाईंच्या पाया पडला, मग मामंजींच्या. कोरडे कपडे घालून ओटीवर बसला. सगळ्यांना बोलावलं. वन्सं खांबाला टेकून उभी, मी दारात.

बर्फाच्या कारखान्याचं त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. यंत्रं कुठून येणार, भागीदार कोण, लोकांत आपलं नाव कसं होईल. आमचे हे ऐकता ऐकता पुढे सरकून बसले. तेही भागीदार होणार होते. मग त्याने कागद काढून पाटावर ठेवला आणि वन्संकडे पाहून हसला. ते हसू फार चांगलं होतं. मी खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मलाही वाटलं, करावी तिने सही.

"माझी काही जबरदस्ती नाही," तो म्हणाला.

झोपाळा थांबला.

मामंजींना त्याचा चेहरा दिसत नव्हता. वर्षभरात नजर पार गेली होती. त्यांना फक्त आवाज ऐकू येत होता. ते मान वाकडी करून बसले आणि माझ्या दिशेने म्हणाले, "सूनबाई, हे आपण वाचलंय ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यांनी डोळे वटारले. सासूबाईंच्या तोंडाला पदर. 

"हो, मामंजी," मी म्हटलं. "दोनदा."

"काय वाचलंय?" जावयाने विचारलं. त्याचं हसू अजून तसंच होतं.

 मामंजींनी हात पुढे करून पाटावरचा कागद चाचपला, त्याची घडी घातली आणि ती मांडीखाली ठेवून दिली. बाहेर पाऊस कोसळत होता. मग वन्संचा आवाज आला.  "मी सही करणार नाही. तुम्ही दमून आला आहात. चहा ठेवते."

तो चिडला असता तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. तो म्हणाला, "बरं." चहा घेतला. पाऊस असा लागला होता की त्याला लगेच परतता येईना. दोन आठवडे तो आमच्या घरी राहिला, आणि ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भांडं आपटलं तरी दचकायचे. वन्सं झोपायला जाताना माझ्याकडे वळून पाही. तो मात्र पडवीत बसून पावसाकडे बघे आणि कुणाशी फारसं बोलत नसे. एका दुपारी तो मामंजींसमोर येऊन उभा राहिला.

"ते पुस्तक मला ऐकायचं आहे," तो म्हणाला.

मामंजींनी मला खूण केली. मी वाचलं. चार दुपारी लागल्या. तो खांबाला पाठ लावून, गुडघ्यांना हातांची मिठी घालून ऐकत होता. शेवटी ती बाई खोलीत एकटी उरते तिथेही मी थांबले नाही. वाचून झालं. तो उठून पायऱ्या उतरला आणि पावसातच बंदराच्या रस्त्याला लागला. अंधार पडायच्या आत परत आला, भिजून चिंब. वन्संनी पंचा दिला.

पाऊस ओसरल्यावर तो एकटाच घाटाने परतला; भाद्रपदानंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा वन्संना न्यायला आला आणि ती त्याच्याबरोबर मुंबईला गेली. मी तिला नको म्हटलं. ती म्हणाली, "किती दिवस इथे बसू?" पडावात चढताना तिने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी वाढली.

त्याचा बर्फाचा कारखाना झाला नाही. तो सॉलिसिटरकडेच राहिला, पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला, मुलं झाली, शिकली. वाडी वन्संच्या नावावरच राहिली. कागदाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि तो कधीतरी काढेल या धास्तीत ती जन्मभर जगली.

तो वारल्यानंतर एका उन्हाळ्यात आम्ही दोघी गुहागरला वाडीत बसलो होतो. दोघींचे केस पांढरे झालेले. मी तिला विचारलं, इतकी वर्षं जीव मुठीत धरून राहिलात, पस्तावलात का कधी?

"ते वाईट नव्हते, वहिनी," ती म्हणाली. "पण मी भ्याले नसते तर झाले असते." मग पोफळीच्या बुंध्याशी पडलेली सुपारी उचलून तिने ओटीत टाकली आणि गड्याला शिंपणं सुरू करायला सांगायला उठली.