लेखक-परिचयाची चौकट

आमचं साप्ताहिक छापायचं बंद झालं आणि फक्त संकेतस्थळावर चालू राहिलं, तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. त्याआधीची सत्तावीस वर्षं बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली होती. मला त्याचा पगार मिळत होता. पुण्यात बाकीचे लोक ते काम हौसेने करतात, एवढाच फरक. मग एका सोमवारी ऑफिस खराडीला हललं. काचेची इमारत, सहावा मजला, आणि पाणी प्यायला उठलं तरी गळ्यातलं कार्ड दाराला टेकवायचं.

कागद गेला तसा लेख या वस्तूचा आकारही गेला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये लेख लावायचा नसतो, जोडायचा असतो. पडद्यावर उजवीकडे रिकामं पान आणि डावीकडे तुकड्यांची यादी: मजकूर, छायाचित्र, व्हिडिओ, आवाज, ठळक वाक्य, लेखक-परिचय. हवा तो तुकडा माउसने उचलायचा, पानावर सोडायचा आणि त्यात माल भरायचा. ऑफिसात या तुकड्यांना ब्लॉक म्हणायचे.

मला हे शिकवायला एक सव्वीस वर्षांची मुलगी नेमली होती. मूळची यवतमाळची, हिंजवडीतली नोकरी सोडून आमच्याकडे आलेली. मी माउस धरला की तिला वाटायचं मी उंदीरच धरलाय.

"घाबरू नका मॅडम, काही बिघडत नाही. बिघडलं तरी मागे घेता येते."

"सत्तावीस वर्षांत मला छापलेला एक शब्द मागे घेता आलेला नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर आता मजा येईल नं."

दुसऱ्या दिवशी तिने जतन केलेल्या ब्लॉकबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगितलं. ते काय होतं हे मी ऐकलं नाही, कारण भिंतीवर तिने दाखवलेल्या पानावर 'माहीती' असं लिहिलं होतं आणि माझी नजर त्या दुसऱ्या दीर्घ अक्षरावरून हलेना. शेवटी मी ते दुरुस्त करायला लावलं. तोवर ती पुढच्या विषयावर गेली होती.

आमचे सगळ्यात जुने लेखक म्हणजे एक निवृत्त मराठीचे शिक्षक. वय एकोणऐंशी, राहायला सदाशिव पेठेत. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. शहरातल्या बंद पडत चाललेल्या यंत्रांवर आणि ती दुरुस्त करणाऱ्या माणसांवर ते लिहीत. हाताने, पाठपोट कागदावर, आणि परिच्छेद पाडणं हा कमकुवतपणा आहे अशा समजुतीने. नव्या नियमाप्रमाणे दर तीन परिच्छेदांनंतर मजकुराखेरीज दुसरा काहीतरी ब्लॉक हवा होता. हे त्यांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी फोन केला.

"सर, लेखात मधे मधे छायाचित्र वगैरे लागेल. वाचकाला जरा विसावा मिळतो."

"का? वाचक सिंहगड चढतोय का?"

"एखादं ठळक वाक्यही चालेल. म्हणजे लेखातलंच एक चांगलं वाक्य निवडायचं आणि मोठ्या अक्षरात परत टाकायचं."

"म्हणजे बाकीची वाक्यं वाईट आहेत हे आपणच वाचकाला सांगायचं."

मी घाईघाईने शेवटचा मुद्दा काढला. "आणि आपण लेख स्वतः वाचून दिलात, तर आवाजाचा ब्लॉकही लावता येईल."

"अहो बाई, मी वाचकांसाठी लिहितो. श्रोत्यांसाठी कीर्तनकार आहेत." त्यांनी फोन ठेवला.

त्या आठवड्याचा त्यांचा लेख बुधवार पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांवर होता. तो जोडायचा होता त्याच दिवशी यवतमाळची मुलगी भावाच्या लग्नासाठी गावी गेली. मी ठरवलं, आपला आपण करू. सरांचा अखंड मजकूर मी सात ठिकाणी तोडला, आणि दर वेळी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. दुकानाचं, सोल्डरिंगच्या अवजाराचं आणि उघड्या पोटाच्या रेडिओचं अशी तीन छायाचित्रं सोडली. सगळं बरोबर बसलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मी आजूबाजूला पाहिलं, पण ऑफिसात प्रत्येकाच्या कानात काहीतरी घातलेलं होतं.

शेवटचा राहिला लेखक-परिचय. नवा करायचा तर गोल छायाचित्र, ओळींची मापं, ई-मेलचा पत्ता, बरीच खटपट होती. यादीत मला एक सुबक, तयार परिचय दिसला. तो आमच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंचा होता. गरोदरपणातल्या काळजीवर त्यांनी आमच्याकडे चाळीसेक लेख लिहिले होते. मी तो उचलला. बाईंचं छायाचित्र काढून सरांचं घातलं. बाईंच्या पदव्या खोडून लिहिलं, 'लेखक निवृत्त शिक्षक असून जुन्या यंत्रांविषयी लिहितात.' ई-मेल आणि लेखाचा दुवाही बदलला. खाली 'शंका असल्यास निःसंकोच लिहा' अशी एक ओळ होती, ती सभ्य वाटली म्हणून राहू दिली. जतन करताना पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला आणि दोन बटणं आली. मी निळं दाबलं. निळं बटण समजूतदार वाटत होतं.

पुढचे दहा-अकरा दिवस मी समाधानात काढले. मग सरांचा फोन आला.

"अहो बाई, आपल्या वाचकवर्गात काही बदल झाला आहे का?"

"का हो, सर?"

"रेडिओच्या लेखावर नऊ पत्रं आली. आठांत रेडिओ नाही. एक बाई विचारतायत, सातव्या महिन्यात पपई चालेल का. दुसरीला झोपताना कूस कुठली ते हवंय. तिसरीला पाय का सुजतात ते."

काय झालं ते कळलं नव्हतं, पण कोणी केलं ते कळलं होतं.

"मग आपण काय केलंत, सर?"

"उत्तरं दिली. पत्र आलं की उत्तर देतात."

"काय उत्तरं दिलीत?"

कागदाची सळसळ ऐकू आली. ई-मेलची उत्तरंही ते आधी कागदावर लिहीत. मग त्यांनी वाचलं: "'आपले पत्र पोचले. पपईसंबंधी माझे मत विचारात घेऊ नये. ते माझ्या पत्नीनेही कधी घेतले नाही. आपल्या डॉक्टरांना आजच विचारावे. गर्भवती या शब्दातील ती दीर्घ आहे. प्रकृतीस जपावे.'"

दुसऱ्या दिवशी ती मुलगी लग्नाहून परतली. मी तिला सगळं सांगितलं. तिने डॉक्टरबाईंचा एक लेख उघडला. 'सातव्या महिन्यातला आहार' असं शीर्षक, आणि तळाशी गोल चौकटीत सरांचा करारी चेहरा. तिने दुसरा उघडला, तिसरा उघडला. सर सगळीकडे होते. तिचे खांदे हलायला लागले.

"ताई, तुम्ही तर डॉक्टरबाईले रेडिओवाले करून टाकलं."

"पण मी एकाच ठिकाणी बदललं होतं."

"तेच तर सांगितलं होतं नं मी दुसऱ्या दिवशी. जतन केलेला ब्लॉक एकच असते. बाकी ठिकाणी तो फक्त दिसते. एका जागी बदलला का सगळीकडे बदलला. आधी त्याची वेगळी प्रत काढा लागते."

दोन मिनिटांत तिने चाळीस लेख पूर्ववत केले आणि सरांची स्वतंत्र चौकट करून दिली. त्या दिवसापासून ती मला मॅडम म्हणायची थांबली आणि ताई म्हणू लागली. चूक केल्यावर बढती मिळण्याची माझी ही पहिलीच वेळ.

डॉक्टरबाईंना कळवणं भाग होतं. मी फोनवर सगळं कबूल केलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या गृहस्थांनी काही औषधबिषध तर सांगितलं नाही ना?"

"नाही. प्रत्येकीला 'आपल्या डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहिलंय."

"मग माझ्यापेक्षा बरं उत्तर दिलं त्यांनी. मी तीन-तीन पानं लिहिते आणि बायका शेवटी शेजारणीला विचारतात. ती पत्रं माझ्याकडे पाठवा, मी बघते."

सरांनी आठ पत्रं पाठवली. नववं मागितलं तेव्हा म्हणाले, "ते माझं आहे."

ते पत्र त्यांनी मला आणि यवतमाळच्या मुलीला बऱ्याच दिवसांनी दाखवलं. लिहिणारी हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर राहायची. पाचवा महिना, डॉक्टरांनी पूर्ण झोपून राहायला सांगितलेलं, नवरा दिवसभर कंपनीत. आहाराच्या लेखाखाली हे कोण आजोबा म्हणून तिने चौकटीवर बोट ठेवलं आणि ती थेट रेडिओच्या लेखात पोचली. तिच्या वडिलांकडे नांदेडला तसाच एक रेडिओ होता, त्याची मागची पाटी सुतळीने बांधलेली असायची. हे सगळं लिहून शेवटी तिने लिहिलं होतं, 'अर्धा लेख वाचला. झोपून मोबाइल धरला की हात भरून येतात, उरलेला उद्या वाचेन. कुणी वाचून दाखवला असता तर बरं झालं असतं.'

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी खालून सुरक्षारक्षकाचा फोन आला. एक वयस्कर गृहस्थ आले आहेत, कोणाला भेटायचंय विचारलं तर 'आवाजाच्या ब्लॉकला' म्हणतात. मुलगी धावत खाली गेली आणि सरांना घेऊन वर आली. दोन बस बदलून ते आले होते. खांद्याला शबनम, शबनममध्ये लेखाची हस्तलिखित प्रत. पडद्यावरच्या तुकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

मीटिंगच्या छोट्या खोलीत मुलीने माइक ठेवला. सर उभे राहिले, कारण बसून शिकवायची त्यांना सवय नव्हती. पहिलं पान त्यांनी असं खणखणीत वाचलं की काचेपलीकडची माणसं कानातलं काढून बघायला लागली. दुसऱ्या पानावर ते अडखळले. परत मागे गेले, परत अडखळले.

"हे वाक्य फार लांब आहे. कोणी लिहिलंय?"

"आपणच, सर."

"मग आपण तोडलं का नाहीत?"

"सत्तावीस वर्षं प्रयत्न करतेय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पेन दिलं. त्यांनी वाक्याचे तीन तुकडे केले आणि पेन परत दिलं. त्यावर पुढे कधी चर्चा झाली नाही.

थोड्या वेळाने मुलगी भीत भीत म्हणाली, "सर, थोडं हळू वाचाल का? ती झोपून ऐकून राहिली नं."

सरांनी कागद खाली केला. मग म्हणाले, "ऐकून राहिली. हे कुठलं?"

"यवतमाळचं, सर."

आता ही पोर व्याकरणाच्या तासाला सापडली असं मला वाटलं. पण सर म्हणाले, "चांगलं आहे. क्रिया संपलेली नाही, हे नीट कळतं." आणि त्यांनी लेख पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला. या वेळी हळू. रेडिओवाल्या गृहस्थांचं बोलणं आलं की आवाज जरा खाली उतरवून, आणि वाक्याच्या शेवटी थांबून, जणू समोर कोणी कूस बदलत असावं आणि त्यांना ते दिसत असावं.

आवाजाचा ब्लॉक त्यांनी स्वतः पानावर सोडला. पहिल्यांदा तो जाहिरातीत पडला, दुसऱ्यांदा जागेवर. तेव्हापासून त्यांच्या हस्तलिखितात समासात सूचना येऊ लागल्या: 'येथे छायाचित्र', 'येथे मी'. ठळक वाक्यासमोर मात्र ते लिहायचे, 'सर्व वाक्ये सारखी समजावीत.' तेवढं आम्ही सोडून दिलं. दर गुरुवारी ते यायचे, वाचायचे, आमच्या मशिनच्या चहाला नावं ठेवायचे आणि दुसरा कप मागायचे. हिंजवडीहून आठवड्याला एक पत्र यायचं. त्यात काय असायचं ते सर सांगत नसत, आणि विचारलं की हवामानाबद्दल बोलत.

हिंजवडीच्या त्या बाईंना मुलगी झाली, दिवस भरून, सुखरूप. सरांनी मला ऑफिसात फोन करून कळवलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात लेख नाही. हिंजवडीला कुठली बस जाते, ते यवतमाळकर बाईंना विचारून ठेवा."

रविवारी आम्ही तिघं गेलो. दीड तास लागला. दार तिच्या आईने उघडलं. नांदेडहून बाळंतपणाला आलेली, ठेंगणी, गडबडी बाई. तिने सरांना आधी हातपाय धुवायला पाठवलं आणि मग बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. सर परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तसे ताठ बसले. पत्रं लिहिणारी आत पलंगावर उशीला टेकून बसली होती, पत्रातून वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान. तिने सरांकडे पाहिलं, सरांनी तिच्याकडे. तिच्या आईने डिंकाच्या लाडवांची ताटली आणली, तेव्हा सर हळूच म्हणाले, "मला हात हलवता येत नाहीये. कोणीतरी भरवा." यवतमाळच्या मुलीने लाडू फोडला. बाळ झोपलेलंच होतं.