हिरव्या पडद्यापुढचा चुडा

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला ती आणि मी स्टुडिओत गेलो. हिरव्या पडद्यापुढे तिला उभं करून मागे काश्मीरचा बर्फ लावला होता. बर्फ छान होता, पण तिच्या मनगटांच्या जागीही बर्फच होता आणि मेंदीचे पंजे हवेत तरंगत होते.

"कॉम्प्युटर हिरवं तेवढं पुसून तिथं देखावा भरतो. पडदा हिरवा, चुडाही हिरवा, म्हणून गेला," एडिटर म्हणाला. "ताईंनी बांगड्या काढायला हव्या होत्या."

म्हणजे चूक तिची. नव्या नवरीनं लग्नाचा चुडा उतरवायचा, पण यानं निळा पडदा लावायचा नाही. मागचा देखावा नीट दिसावा म्हणून दरवेळी बाईनंच काहीतरी उतरवायचं, या विचारानं माझं डोकं फिरलं.

भाची मात्र शांतपणे म्हणाली, "दादा, बर्फ काढा. माझे हात राहू द्या."