बाई होण्याआधीची रडारड

बालवाडी सुटली की दुपारी आम्ही बायका सतरंजीवर बसायचो आणि लहान व्हायचो. कुणी अंगठा चोखायची, कुणी शेजारणीची वेणी ओढायची. हा सगळा अभ्यास होता बरं का! एकीने शिकवायचं आणि बाकीच्यांनी पोरं व्हायचं, अशी बालवाडी चालवून आमचा शिक्षिकेचा कोर्सही घेणाऱ्या बाईंची सरावाची पद्धत. पदर खोचून लोळणाऱ्या आम्हाला आमच्या कामतघर वस्तीतल्या कुणी पाहिलं असतं, तर बालवाडीला कुलूपच लागलं असतं.

मी तिथे मदतनीस होते. खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, चपला जोडीने लावायच्या. पोरं मला मावशी म्हणायची. पण नारपोलीत नवी बालवाडी निघणार होती आणि बाईंनी माझ्यामागे लकडा लावला होता, "शिक्षिकेचा कोर्स कर. पाठाच्या परीक्षेत पास झालीस की ती बालवाडी तुझी." मला बाई व्हायचंच होतं. इतकं, की खिचडी ढवळताना मी पातेल्यालासुद्धा "हाताची घडी" म्हणायचे.

आमच्यात सगळ्यात वाईट पोर म्हणजे खारबावहून कोर्सला येणारी मैत्रीण. चांगली दोन मुलांची आई, पण सरावाला बसली की भोकाड पसरायची, "मना न्हाय बसायचा! मना घरा जायचा हाय!" हसून हसून आमच्या पोटात दुखायचं. त्यात भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट. बाई मागून सांगायच्या, "आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला पाहिजे!" मग मी बेंबीच्या देठापासून ओरडून गोष्ट सांगायचे आणि बाई खूश व्हायच्या.

परीक्षेच्या दिवशी ठाण्याहून परीक्षक मॅडम आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं इतकं हळू की कान देऊन ऐकावं लागे. माझ्यासमोर खरी पोरं बसली, मागे बाई आणि मैत्रिणी. मी उभी राहिले आणि लाइट गेली. लोडशेडिंग! एकेक करत सगळे लूम थांबले. त्या शांततेत मी माझ्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "मुलांनोऽऽ! आज आपल्याकडे कोण आलंय?"

दारातलं कुत्रं उठून पळालं. पोरं जागच्या जागी थिजली. पुढच्या रांगेतला एक लहानगा ओठ काढून रडायला लागला. मी घाबरून आवाज खाली आणायला गेले, तर तोंडातून नुसतं चीं निघालं. हळू शिकवायचा सराव कधी झालाच नव्हता! मॅडमनी पेन उघडलं. गेली नारपोली, मला वाटलं, आता जन्मभर खिचडी.

आणि मागून भोकाड ऐकू आलं. "मना न्हाय बसायचा! मना घरा जायचा हाय!"

सवय, दुसरं काय! एक पोर रडलं की आपणही सूर लावायचा, हे तिच्या अंगात मुरलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण तो लहानगा मात्र गप्प झाला. उठला, तिच्यापाशी गेला, आपल्या शर्टाने तिचं नाक पुसलं आणि म्हणाला, "रो मत. छुट्टी होगी ना."

मला हसू आवरेना. मी धपकन सतरंजीवर बसले, आणि पोरांच्या शेजारी बसल्यावर माझा आवाजही आपोआप खाली आला. "हे बाळ आज नवीन आलंय," मी म्हटलं. "ह्याला कसं रमवायचं?" मग काय विचारता! एकाने खडू दिला, एकीने केसांतून हात फिरवला, सगळ्यांनी मिळून तिला गाणं म्हणून दाखवलं. ती ढोंगी प्रत्येकासाठी वेगळा हुंदका काढत होती. मी ठरवून आणलेली गोष्ट राहिलीच, पण इतकी मजा मला कधी आली नव्हती.

पोरं खिचडीला उठली तेव्हा मॅडम जवळ आल्या. "तुम्ही लिहून दिला होतात तसा पाठ झाला नाही," त्या हळूच म्हणाल्या. त्या पुढे काहीतरी बोलल्या, पण तेवढ्यात लाइट आली आणि पलीकडचे सगळे लूम एकदम सुरू झाले. "काय म्हणालात?" मी विचारलं. त्यांचे ओठ हलले. मला काही कळेना. मी पुन्हा विचारलं. शेवटी मॅडमनी कंबरेवर हात ठेवले, मान ताणली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "पास झालात, बाई! पास!"