नातीची अकरावीतली जागा

फरशीच्या पॉलिशचा वास आला की अमेरिकेतल्या ट्रॉय गावची ती शाळा आठवते. नातीला, सायलीला, अकरावीत घालायला गेलो, ते मी न् बायकोनं जोडीनं केलेलं शेवटचं काम. तिथं आपली ओळख ना वशिला, म्हणून हिनं प्रिन्सिपल बाईंपुढं नारळच ठेवला.

"आजी, प्लीज!" सायली लाजून लालेलाल. बाई हसल्या. पोर याच गावात राहते, म्हणजे घेतलीच, म्हणाल्या.

बाहेर येताच ही कुरकुरली, "इतकी सहज मिळालेली जागा सहज जाते हो. उद्यापासून एकही खाडा नको."

त्या रात्री ही झोपेतच गेली. सकाळी घरात रडारड. मी चालत शाळेत गेलो न् बाईंना मराठीतच बजावलं, "पोरीची आजी गेली. आज येणार नाही. जागा कुणाला द्यायची नाही."