घटनास्थळी सडा-रांगोळी

किस्से आम्ही ठरवून जमवत नाही. फॉरेन्सिक व्हॅन घेऊन नमुने गोळा करायला जातो, अन् येताना हे आपोआप गाडीत बसून येतात. नमुन्यांना सील लागतं, यांना लागत नाही, म्हणून सांगून टाकतो.

आमच्या गाडीवर आम्ही दोघं. मी ठसे अन् नमुने घेतो, राठोड फोटो-व्हिडिओ काढतो. यवतमाळ जिल्हा पालथा घातला, पण आमचं भांडण एकाच गोष्टीशी. आम्ही पोचायच्या आत जागा बिघडू नये. बिघडली की खरा सुटतो, नाही तर भलताच अडकतो. हे लोकांना सांगून सांगून माझा घसा बसला.

नेरकडच्या एका खेड्यात अंगणात मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. आम्ही पोचलो तर अंगण शेणानं सारवून लख्ख, वर रांगोळी. माझं डोकंच फिरलं. "रक्त कुठं गेलं?"

घरची बाई म्हणाली, "मोठे साहेब येऊन राह्यले म्हटलं. मंग तशा अंगणात बसवू का तुमाले?"

वर चहा पाजला. तोही प्यालो.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ऑफिसचं कपाट फुटलं. फोनवर मी मालकाला तीनदा बजावलं, कशालाच हात लावू नका. गेलो तर कपाटाभोवती ही गर्दी.

मालक पुढं झाला. "हात नाही लावू देला कोणाले. फक्त हे दाखोलं." अन् त्यानं हँडल धरून ओढून दाखवलं, चोरानं कसं उघडलं ते.

मॅनेजर म्हणाला, "तसं नाही भाऊ, असं." त्यानंही धरलं. मग वॉचमननं. तोवर सगळ्या स्टाफनं आपापल्या परीनं चोर करून दाखवला होता. पावडर टाकली तेव्हा कपाटावर चोर सोडून सगळे सापडले.

आता नव्या कायद्यानं झडतीचा व्हिडिओ काढावाच लागतो. नेरमध्ये चोरीच्या संशयावरून एका घराची झडती होती. राठोडनं मोबाईल वर धरला तशी घरची वहिनी थांबली.

"शूटिंग होय का? मंग थांबा जराक. अशा अवतारात नाही येत मी."

महिला शिपाई तिच्यासोबत आत गेली. वहिनी बाहेर आली ती भरजरी साडीत, पावडर लावून, गळ्यात जाडजूड गोफ. तो पाहून नवरा मट्कन खाली बसला. फिर्यादीनं ज्या गोफाचं वर्णन लिहून दिलं होतं, तोच तो. झडती तिथंच संपली.

पंच मिळणं ही आणखी एक कटकट. "मी कायले? कोर्टाच्या चकरा कोण मारन?" म्हणत भर चौकातले लोक गायब होतात. पण एका बंजारा तांड्यावर उलटंच झालं. मी दोन पंच मागितले, तांड्याचे प्रमुख, नायक, सगळा तांडा घेऊन आले.

म्हटलं, "नायकसाहेब, दोघंच पाहिजेत."

"दोघाईनं पाह्यलेलं आमच्या इथं कोणी मानत नाही. सगळेच सह्या करतीन."

राठोड स्वतः तांड्यावरचा. त्यानं गोरबोलीत अर्धा तास समजावलं. शेवटी सही दोघांनीच केली, पण बाकीचे सगळे माझ्या खांद्यावरून पाहत उभे राहिले.

अन् झरी जामणीकडचं ते प्रकरण.

किराणा दुकानदारावर कुऱ्हाडीचा घाव पडला. तो दवाखान्यात, बेशुद्ध. आदल्या दिवशी त्याचं एका पोराशी कडाक्याचं भांडण झालेलं, म्हणून सगळं गाव त्या पोराचंच नाव घेत होतं. पोलिसांनी त्याला उचललंही होतं.

दुकानात काही उरलं नव्हतं, पाहायला आलेल्यांनी सगळं तुडवलं. हल्लेखोर पळाला त्या मागच्या खिडकीखाली मात्र मोरीच्या पाण्यानं चिखल झाला होता. तिथं एक घमेलं पालथं घातलेलं, अन् बाजूला एक म्हातारी काठी घेऊन बसलेली. उन्हानं चेहरा रापलेला, पण हलायला तयार नाही. जो जवळ यायचा त्याच्यावर काठी उगारायची.

"घमेल्याखाली काय हाय, माय?"

"पाय उमटला हाय कोणाचा तं. सकाळपासून झाकून बसली मी. हे लोक तुडोतीन."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. एवढ्या वर्षांत असं घटनास्थळ कोणी राखलं नव्हतं. पोलीस पाटलाला म्हटलं, "या मावशीचा सत्कार करा तुम्ही. कोण हाय ही?"

तो खाली पाहत म्हणाला, "त्या पोराची माय हाय साहेब."

राठोडनं मोबाईल खाली घेतला. मी तिच्याजवळ बसलो. विचारू नये, पण राहवलं नाही.

"माय, हा तुह्या पोराचाच निघाला तं?"

ती काठी टेकत उठली. वाकून दोन्ही हातांनी घमेलं अलगद उचललं अन् बाजूला सरकली.

"घ्या माप," ती म्हणाली. "मलेबी पाह्यचं हाय."