डोहातली दवा

पावडरदादांना उधव्याकडच्या एका पाड्यावर दोनदा मारलं. दोन्ही वेळा उन्हाळा होता, पटकीची साथ होती आणि मारणारा एकच होता, बारक्या. पहिली मारहाण पन्नासच्या दशकाच्या अखेरची, दुसरी त्यानंतर काही वर्षांनी.

दादा तलासरीत आमच्या शेजारी राहत. पिण्याच्या पाण्यात जंतुनाशक पावडर टाकणं ही त्यांची सरकारी नोकरी. सदऱ्यावर विटलेले डाग, अंगाला उग्र वास. मूळचे डहाणूच्या किनाऱ्यावरच्या कोळी घरातले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "यांनी हात लावला तर बोंबीलसुद्धा नाक मुरडेल." पावडर टाकलेल्या पाण्याचा पहिला तांब्या दादा सगळ्यांसमोर स्वतः प्यायचे.

पहिल्या साथीत पाड्याची विहीर आटली होती. लोक ओढ्यातल्या डोहाचं पाणी पीत. दादांनी काठावरून ओरडून सांगितलं, "डोहात दवा टाकतोय!" त्या भागात डोहात दवा टाकणं म्हणजे झाडाची साल कुटून मासे गुंगवणं. बायका हसत टोपल्या घेऊन आल्या. मासे वर आले ते मेलेले. दादांनी एकही उचलू दिला नाही, सगळे पुरायला लावले. पाड्याचं उन्हाळ्यातलं कालवण तेवढंच होतं.

"मासा परत येतो, माणूस येत नाही," दादा म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

बारक्याची आई सोनी म्हणाली, "तुज्या दर्यात येत असंल. तवर आमी काय खावं, तुजी पावडर?"

बारक्याने काठी घातली. दादांचे पुढचे दात पडले, एक कान फाटला. साथ थांबली. डोह पुढच्या उन्हाळ्यातही रिकामा होता.

दादांनी ते वाक्य सोडलं आणि डोहात पावडर टाकणंही. ते घरोघर जाऊन मडक्यांत पावडर घालू लागले. साहेब चिडले की म्हणत, "वेळ लागतो, साहेब. पण मासे राहतात."

दुसऱ्या साथीतही लोक डोहाचंच पाणी पीत. घरं लांब लांब पांगलेली, दादा एकेका घरी जात राहिले. अंधार पडला तेव्हा एकच घर राहिलं, बारक्याचं. सकाळी दादा तिथे पोचले तेव्हा त्याची मुलगी गेली होती.

"डोहात का नाय टाकलीस?" बारक्याने विचारलं.

"मासे..." दादा एवढंच बोलले.

बारक्याने कुऱ्हाडीचा तुंबा, पात्याची मागची बोथट बाजू, त्यांच्या डोक्यात घातला. ते पडल्यावर पुन्हा घातला. हे सोनीने कोर्टात मुलासमोर सांगितलं.

दादा डहाणूच्या दवाखान्यात वारले. बारक्याला जन्मठेप झाली. त्या उन्हाळ्यात डोहात मासे होते.